हेतू शोधायचा तो प्रयोगाच्या मांडणीत

ब्रायन जॉन्सन या अमेरिकी उद्योजकाने ब्रेनट्री ही आपली कंपनी 2013 मध्ये पेपालला 80 कोटी डॉलरना विकली. 2021 पासून तो स्वतःच्या देहावर म्हातारपण रोखण्याचे प्रयोग करतो आहे. वर्षाला सुमारे 20 लाख डॉलर खर्च, एकेकाळी दिवसाला शंभराच्या घरात गोळ्या, आणि सगळ्याचा जाहीर गाजावाजा. हे विज्ञानासाठी, नावासाठी की धंद्यासाठी, यावर वाद झडतात. दुसऱ्याच्या मनात काय आहे ते आपल्याला कळणार नाही. प्रयोग कसा मांडला आहे, ते मात्र पाहता येतं.

1984 साली पर्थमध्ये बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरने जठरात सापडणारे जंतू मुद्दाम वाढवून त्यांचं द्रावण पिऊन टाकलं. आपलं जठर निरोगी असल्याची खात्री त्याने आधी दुर्बिणीने तपासून करून घेतली होती. काही दिवसांत उलट्या सुरू झाल्या, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. पुन्हा दुर्बीण घातली तेव्हा जठराला सूज होती आणि तेच जंतू तिथे होते. मार्शलला कीर्तीची हाव नव्हती असं कोण म्हणेल? हे जंतूच जठराला आजारी पाडतात, हे आपलं म्हणणं पटवायला तो हट्टाला पेटला होता. पण बदल त्याने एकच केला, आणि पोट ठणठणीत राहिलं असतं तर त्याचाच दावा लंगडा पडला असता.

जॉन्सनच्या प्रयोगात गोळ्या, आहार, व्यायाम, झोप, उपचार सारं एकदम चालतं. माणूस एकच, तुलनेला कोणी नाही. तब्येत सुधारली तर श्रेय रोज वेळेवर झोपण्याचं की कुठल्याशा गोळीचं, हे त्यालाही सांगता येणार नाही. अशा प्रयोगात दावा खोटा ठरायला वावच उरत नाही.

2023 मध्ये त्याने आपल्या 17 वर्षांच्या मुलाचा प्लाझ्मा घेतला. स्वतःला फायदा दिसला नाही, हे त्यानेच जाहीर केलं. त्याचं हे मोठेपण मान्य केलंच पाहिजे. पण तरुणांच्या प्लाझ्माचा वार्धक्यावर उपयोग सिद्ध झालेला नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्येच दिला होता. मग मुलाला प्लाझ्मा द्यायला का बसवलं? आणि ब्लूप्रिंट या नावाने तो ऑलिव्ह तेल, पावडरी, गोळ्या विकतो. त्याच्या तब्येतीचे आकडे बिघडले तर त्याच्याच मालाचा खप घटेल. माझा संशय इथे पक्का होतो.

न्यूयॉर्कचे वार्धक्य-संशोधक निर बार्झिलाय गेली कित्येक वर्षं वेगळ्याच चाचणीसाठी धडपडत आहेत. आपल्याकडे घरोघरी मधुमेहासाठी घेतली जाते ती मेटफॉर्मिनची गोळी 65 ते 79 वयाच्या सुमारे 3,000 लोकांत तपासायची. काहींना खरी गोळी, काहींना नुसती दिसायला तशी. ही गोळी जुनी, स्वस्त, कुणाच्याही मक्तेदारीची नाही. म्हातारपणाची आजारपणं ती लांबवते की नाही, याचं उत्तर ‘नाही’ असंही येऊ शकतं. या चाचणीला पुरेसा पैसा जमवताना वर्षं गेली आहेत.