भुवईची साक्ष

अकोल्याच्या एका शाळेत आम्ही मराठी शिकवत होतो, तेव्हाची गोष्ट. पाचवीच्या वर्गात एक मुलगी नेहमी हनुवटी वर करून बसायची. तिच्या डाव्या डोळ्याची पापणी जन्मापासून अर्धी पडलेली होती आणि त्याच बाजूची भुवई पार कपाळात चढलेली. आम्हाला त्यात ऐट दिसली. "काहून वं, एवढी मान वर करून काय पाह्यतं?" असे आम्ही भर वर्गात म्हणालो. मुले हसली. मुलीने मान खाली घातली आणि त्या तासाला तिने फळ्यावरचे काहीही उतरवून घेतले नाही. हे आमच्या लक्षात आले होते, पण त्याचा अर्थ लक्षात आला नाही.

त्याच वर्षी तिचे अब्बा आमच्याकडे आले. पापणीचे ऑपरेशन करता येते असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. मोहल्ल्यातले वडीलधारे मात्र म्हणत होते की अल्लाहने दिलेल्या सूरतीत ढवळाढवळ करू नये, सबर करावा. आम्ही स्वतःला सुधारक म्हणवून घेणारे. स्पष्ट बोलायला हवे होते. आम्ही म्हणालो, "मुलगी मोठी होऊ द्या, मग बघू." कोणाचेच मन दुखवायचे नसले की माणूस असा सल्ला देतो.

ती मोठी झाली. अमरावतीची दोन स्थळे पाहून गेली. एका घरून निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण नजर घमेंडी वाटते. म्हणजे वर्गात आम्ही जे वाचले तेच त्या घरानेही वाचले. पुढे तिने नोकरी धरली आणि स्वतःच्या पैशाने ऑपरेशन करून घेतले. गेल्या वर्षी अमरावतीत एका निकाहच्या जेवणात ती भेटली आणि डॉक्टरांनी सांगितलेले तिने आम्हाला समजावून सांगितले. आमच्यापेक्षा बरे शिकवते ती.

वरची पापणी उचलणारा एक स्नायू असतो. तो जन्मतः कमजोर असला, किंवा वयाने त्याचा पडदा सैल झाला, की पापणी बाहुलीवर उतरते. मग कपाळाचा स्नायू मदतीला धावतो, भुवई वर ओढतो आणि तिच्यासोबत पापणीही थोडी उचलली जाते. हे कोणी शिकवावे लागत नाही. दिवसभर, वर्षानुवर्षे कपाळ हे काम करत राहते आणि संध्याकाळी दुखते. लहान मुलात पापणीने बाहुली झाकलीच राहिली, तर मेंदू त्या डोळ्याने पाहायला शिकत नाही आणि नजर कायमची मंद राहू शकते. तिची नजर शाबूत राहिली. डॉक्टर तिला म्हणाले, तू हनुवटी वर करून पाहत राहिलीस म्हणून.

म्हणजे आम्ही जिला ऐट म्हणालो, तिनेच तो डोळा वाचवला होता.

पण तिचा खरा प्रश्न याच्या पुढचा होता. स्नायू आखूड करून पापणी वर घेतली. आता भुवईने खाली उतरायला हवे होते, कारण तिचे काम संपले. ती उतरली, पण पुरती नाही. अनेकांच्या बाबतीत भुवई काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सैलावते, काहींच्या बाबतीत जुनी सवय सुटत नाही. शिवाय दोन्ही डोळ्यांच्या पापण्यांना मेंदूकडून एकसारखाच हुकूम जातो. हा नियम एवाल्ड हेरिंग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. एक पापणी पडली की तिच्यासाठी जादा जोर लावला जातो आणि त्याचा वाटा चांगल्या डोळ्यालाही मिळतो, तो जास्त उघडा दिसतो. पडलेली पापणी वर घेतली की तो जादा जोर थांबतो आणि कधीकधी दुसरीच पापणी खाली येते. एक बाजू दुरुस्त करावी तर दुसरी हलते. म्हणून डॉक्टर आधी भुवई बोटाने दाबून धरतात आणि रुग्णाला खाली-वर पाहायला लावतात. भुवईची मदत वगळून पापणीत स्वतःची ताकद किती आहे, हे मिलिमीटरमध्ये मोजतात.

तर आता तिच्या भुवया खाली-वर आहेत. मैत्रिणी म्हणतात, पार्लरमध्ये जाऊन एक भुवई वरून आणि दुसरी खालून थोडी कोरून घे, बरोबर दिसतील. तिने आम्हाला विचारले, "सर, पापणी इलाज थी, ये तो मान गए सब. भौं क्या है?"

प्रश्न साधा नाही. भुवया आणि चेहऱ्याचे केस उपटणाऱ्या स्त्रियांना लानत करणारी, हजरत इब्ने मसऊद (र.) यांच्याकडून आलेली हदीस आपल्या घराघरांत ठाऊक आहे. अल्लाहच्या निर्मितीत बदल करायला लावण्याची शपथ सैतान घेतो, असे सूरह निसामध्ये आहे. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांचा आधार हाच होता आणि तो खोटा नव्हता. पण त्याच हदीसमध्ये सौंदर्यासाठी असे कारण दिले आहे आणि अबू दाऊदमधील हजरत इब्ने अब्बास (र.) यांच्या कथनात आजार नसताना अशी अट आली आहे. वाक्याचा अर्धा भाग पाठ असणे ही आपली जुनी खोड आहे.

हजरत अरफजा (र.) यांची हकीकत आम्हाला याहून मोलाची वाटते. कुलाबच्या लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. पुरुषाला सोने मना असताना! आणि सोन्याच्या नाकाने वास थोडाच येतो? ते नाक चेहऱ्यासाठी होते, चार माणसांत बसता यावे म्हणून होते. म्हणजे माणसासारखे दिसणे हीसुद्धा गरज मानली गेली. २००७ साली पुत्राजाया येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने जन्मजात किंवा अपघाता-आजाराने आलेले व्यंग दुरुस्त करायला परवानगी दिली आणि निव्वळ हौसेखातर रूप बदलायला नाकारली. अंदलुसच्या अबुल कासिम अल-जहरावींनी हजार वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथाच्या तिसाव्या भागात सैल पडलेल्या पापणीवर डाग देण्याचे आणि कापण्याचे उपाय लिहिले, तेव्हा त्यांच्या ईमानावर कोणी बोट ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही.

आपल्याच मुलखातले उदाहरण पुण्याचे आहे. कावसजी नावाचा मराठा गाडीवान इंग्रजी फौजेत होता. १७९२च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत पडला आणि त्याचे नाक कापले गेले. पुण्याजवळ वीटभट्टीवाल्या जातीच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून नवे नाक केले. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ते छापून आले आणि युरोपचे डॉक्टर थक्क झाले. त्या चित्रात नाकाइतकीच कपाळावरची खूणही दिसते. नाकाची किंमत कपाळाने दिली होती.

त्या मुलीची भुवई आम्हाला अशीच वाटते. वीस-पंचवीस वर्षे तिने पापणीचे ओझे वाहिले. गरज होती की हौस, याची साक्ष काढायची तर भुवईइतका खरा साक्षीदार कोण? म्हणून ऑपरेशनने मागे राहिलेला फरक डॉक्टरांकडून दुरुस्त करून घेणे हा त्याच इलाजाचा उरलेला भाग आहे, असे आमचे मत. पार्लरमध्ये कोरून घेण्याबद्दल आमची जीभ अडखळते. तिथे रेषा कुठे ओढायची हे आम्हाला नक्की सांगता येत नाही. तसे आम्ही तिला सांगितलेही. मात्र एक गोष्ट न अडखळता सांगितली, की त्या दिवशी वर्गात आमची चूक झाली. ती हसली. तिला आठवत होते. बाक कोणता होता तेही आठवत होते.

आता आमच्यावरच पाळी आली आहे. मोतिबिंदूचे ऑपरेशन झाल्यापासून आमची उजवी पापणी उतरत चालली आहे. एसटीची वरची पाटी वाचायला मान मागे टाकावी लागते. म्हातारपण सोडून प्रत्येक आजाराला इलाज आहे, अशी हदीस आहे. मग आमचे हे म्हातारपण की आजार? बेगम म्हणतात, "जुम्म्याला खुतबा ऐकताना तुमची भुवई अशी वर असते, जणू इमामसाहेबांची चूक पकडली." अकोल्याच्या डॉक्टरांनी परवा आमच्या भुवईवर बोट दाबून धरले आणि म्हणाले, आता वर पाहा.

पापणी हलेना.