पडद्याला कान नसतात

कल्याणच्या एका महापालिका शाळेत छात्राध्यापिका म्हणून मी पाचवीला अपूर्णांकांचा पाठ घेतला. टाचणात ‘शैक्षणिक साहित्य’ या रकान्यात मी अभिमानानं ‘स्मार्ट टीव्ही, चित्रफीत’ असं लिहिलं होतं. पडद्यावर गोल केक आला, त्याचे तीन भाग झाले, मग चार. मुलं रंगून गेली. ‘समजलं?’ असं विचारताच एका सुरात ‘हो!’ आलं. शेवटी मी विचारलं, ‘एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?’ निम्म्याहून जास्त हात एक चतुर्थांशाच्या बाजूनं वर गेले. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, ‘बाई, तीनापेक्षा चार मोठे ना!’

तिचं उत्तर चुकलं, पण त्यात विचार होता. पहिलीपासून शिकलेला मोजणीचा नियम तिनं इथंही लावला होता. चित्रफीत तिच्यासमोर दहा मिनिटं बोलत होती, पण हा नियम चित्रफितीला ऐकूच आला नव्हता. भिंतीला कान असतात म्हणतात, पडद्याला ते नसतात. आणि शिकवणं सुरू होतं ते मूल काय समजून बसलंय हे ऐकल्यावरच.

दुसऱ्या दिवशी रद्दी कागदाच्या एकाच मापाच्या पट्ट्या कापून नेल्या. मुलांनी घड्या घालून एका पट्टीचे तीन सारखे भाग केले, दुसरीचे चार आणि दोन्हींचा एकेक भाग एकमेकांवर ठेवून पाहिला. ती मुलगी पट्ट्यांकडे बघत बसली आणि मग हळूच म्हणाली, ‘जितक्या जणांत वाटायचं, तितकं कमी येतं.’ मी फोन काढला आणि तिला ते पुन्हा सांगायला लावून तिचा आवाज टिपला. तोच आवाज दुसऱ्या तुकडीत ऐकवला, तेव्हा ती मुलं लगेच पट्ट्या मागू लागली. यंत्र दोन्ही दिवशी वर्गात होतं. पहिल्या दिवशी ते मुलांच्या आधी बोललं, दुसऱ्या दिवशी मुलांनंतर. फरक एवढाच, पण माझ्या मते सगळं त्यातच आहे.

मुलाकडे पाहून साधन निवडणं आमच्या ठाणे जिल्ह्याला नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत आणि 1957 पासून कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत हे पाहून त्यांनी कुरणशाळा काढली, म्हणजे शाळाच कुरणात नेली. खडे, पानं, शिंपले हे त्यांचं साहित्य होतं. त्या काळचं ते तंत्रज्ञानच होतं, आणि त्याची निवड मुलाकडे पाहून झाली होती.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं कामही मला याच वाटेवरचं वाटतं. त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले आणि मुलाच्या हातातल्या पुस्तकातून कविता, चित्रफीत उघडण्याची सोय केली. 2020 मध्ये त्यांना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. आज बालभारतीच्या पुस्तकांवर असे कोड दिसतात. पण कोड छापला म्हणजे वर्ग बदलला, असं होत नाही. तो कधी आणि कशासाठी उघडायचा, हे समोरचं मूल ओळखणारा शिक्षकच ठरवू शकतो.

यंत्र हाताळायला मुलांना फारसं शिकवावं लागत नाही. ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वयाच्या मुलांविषयी ‘असर 2024’ हा शैक्षणिक सर्वेक्षणाचा अहवाल सांगतो की, 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आदल्या आठवड्यात 57 टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी वापरला, तर 76 टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. हात सरावलेले आहेत, हवी आहे ती सोबत. शिवाय यंत्र सगळ्यांना सारखं मिळत नाही. 2020 मध्ये कोरोनामुळे शाळा बंद असताना आमच्या डोंबिवलीच्या चाळीत शेजारच्या घरात एकच फोन होता. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जायचा आणि मुलाचा वर्ग रात्री नऊनंतर भरायचा.

म्हणून मी पडदा नाकारत नाही. धडधडणारं हृदय किंवा लाव्हा ओकणारा ज्वालामुखी मी फळ्यावर दाखवू शकत नाही, तिथं चित्रफीत हवीच. आता उत्तर ऐकणारी, प्रश्न विचारणारी ॲपही आली आहेत. ती मुलाला स्वतःचं कारण मांडायला लावत असतील, तर त्यांचंही स्वागत. माझी कसोटी एकच: साधन वापरल्यावर वर्गात मुलं जास्त बोलू लागली की गप्प झाली?

लवकरच मला माझा वर्ग मिळेल. त्यात टीव्ही असेल किंवा नसेल. टाचणात साहित्याचा रकाना भरण्याआधी मी आणखी एक रकाना आखणार आहे: ‘मुलांना आधीपासून काय वाटतं?’ तो वर्गात विचारून भरायचा, आणि मगच ठरवायचं, आज पडदा लावायचा की पट्ट्या कापायच्या.