पाच पडव्या

शास्त्रपाठ : योहान ५ : १-१५



भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे पोट भरण्यास आली. त्या काळी महाराष्ट्रातून आलेल्या एका ख्रिस्ती कुटुंबातील माता गेल्या हिवाळ्यात रविवारच्या उपासनेनंतर माझ्यापाशी थांबली. मंदिर रिकामे होईपर्यंत ती काही बोलली नाही. मग तिने पदर सावरला आणि मुलाची कहाणी सांगितली.

मुलगा कामासाठी मोठ्या शहरात गेला होता. रात्रपाळीत जागे राहता यावे म्हणून सोबत्याने त्याला पांढऱ्या खड्यांचा धूर ओढावयास शिकविले. तरुण मंडळी त्या पदार्थाला ‘आईस’ म्हणतात. शास्त्रीय नाव मेथॅम्फेटामिन. काम सुटले, मुलगा घरी आला, व्यसन मात्र त्याच्याबरोबर आले. तीन-तीन दिवस त्याचा डोळ्याला डोळा लागत नाही, आणि मग तो दोन दिवस निपचित पडून राहतो. भिंतीआड आपल्याविरुद्ध कोणी कुजबुजत आहे, असे त्याला वाटते. आपल्याच काही बंधुभगिनींनी तिला बजावले होते की, तो सोडीत नाही तोवर त्याला घरात घेऊ नकोस, नाहीतर त्याच्या पापात तुझाही वाटा. तिने मला विचारले, “पाळकसाहेब, मी रात्री त्याला दार उघडते आणि ताट वाढते. माझ्या हातून पाप होत आहे का?”

मी म्हणालो, “बाई, आपण प्रार्थना करू.” प्रार्थना केलीही. परंतु तिच्या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही, आणि ही गोष्ट मला पुढे कितीतरी दिवस टोचत राहिली. आजचे मनन हे त्या मातेला उशिरा दिलेले उत्तर आहे.

यरुशलेमेत मेंढरे दरवाजाजवळ बेथेस्दा नावाचे तळे होते. या नावाचा अर्थ दयेचे घर असा सांगतात. तळ्याला पाच पडव्या होत्या आणि त्यांत रोगी, आंधळे, लंगडे असे पुष्कळ लोक पडून असत. पडवी कोणाला बरे करीत नाही. ती ऊन अडविते, पाऊस अडविते आणि माणसाला जिवंत राहू देते. अडतीस वर्षांचा तो आजारी मनुष्य प्रभू येईपर्यंत जिवंत राहिला. त्या पडव्या नसत्या तर प्रभूला तेथे कोण भेटले असते?

प्रियजनहो, वैद्यकशास्त्र आज ज्याला ‘हानी कमी करणे’ म्हणते, ते या पडवीचेच काम आहे. व्यसन सुटावे ही इच्छा तेथेही असते. परंतु सुटेपर्यंतच्या काळात माणूस मरू नये, त्याला दुसरे रोग जडू नयेत आणि मदतीचे दार बंद होऊ नये, यासाठी ही धडपड असते.

मेथॅम्फेटामिन मेंदूतील आनंदाचा आणि उत्साहाचा साठा एकदम उधळून लावते. त्याचा अंमल कित्येक तास राहतो. भूक मरते, झोप उडते, हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढतो, अंग तापते. संशय आणि भास सुरू होतात. अंमल उतरला की असह्य थकवा आणि निराशा येते, आणि त्या निराशेत जिवाचे बरेवाईट करण्याचा विचारही येऊ शकतो. हेरॉईनसारख्या अफूजन्य व्यसनावर ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन ही औषधे देता येतात. या व्यसनावर तसे सर्वमान्य औषध अद्याप नाही. समुपदेशन, नियमित भेटी आणि व्यसनाविना गेलेल्या दिवसांबद्दल लहानसे बक्षीस, हे उपाय उपयोगी ठरले आहेत. तोवर पाणी, अन्न, झोप, थंड जागा, सुई कोणाबरोबर वाटून न घेणे, एच.आय.व्ही. व कावीळ ‘ब’ आणि ‘क’ यांची तपासणी, एवढे तरी झालेच पाहिजे. छातीत दुखू लागले, अंग फार तापले किंवा झटके आले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे. मारहाण, साखळदंड आणि उपासमार यांना उपचार म्हणू नये.

आपल्याकडे हे संकट कितीसे आहे, असे कोणी विचारील. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत या जातीच्या उत्तेजक पदार्थांचे सेवन करणारे हजारांत दोनांहूनही कमी आढळले. परंतु २०२४ च्या नोव्हेंबरात अंदमानजवळ एका मासेमारी नौकेवर सुमारे सहा हजार किलो मेथॅम्फेटामिन पकडले गेले. ओघ कोठे वाहत आहे ते यावरून दिसते. आणि त्याच पाहणीत छत्तीसगडात १० ते ७५ वर्षे वयाच्या सुमारे ३५.६ टक्के लोकांत दारूचे सेवन आढळले. हे प्रमाण देशातील सर्वांत मोठ्या प्रमाणांपैकी आहे. तेव्हा पडवीत पडलेला मनुष्य आपल्या ओळखीचा नाही, असे आपल्यापैकी कोणीही म्हणू नये.

“परंतु यामुळे पापाला उत्तेजन नाही का मिळत?” हा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि त्याचे उत्तर याच अध्यायात आहे. प्रभूने त्या मनुष्याला आधी विचारले की, बरे होण्याची तुझी इच्छा आहे काय. त्याने धड होकारही दिला नाही. मला तळ्यात सोडायला कोणी नाही, एवढीच तक्रार केली. प्रभूने ती तक्रार ऐकून घेतली आणि त्याला उठविले. पाप पुन्हा करू नये, हा शब्दही प्रभूने उच्चारला, पण केव्हा? मनुष्य पायांवर उभा राहिल्यावर, मंदिरात, त्याला शोधून काढून. दया आधी आली, ताकीद नंतर आली. आपण हा क्रम उलटा करतो. आणि त्या दिवशी बाज उचलण्याच्या नियमाची चौकशी करणारे कोण होते, हेही आपण विसरू नये.

आपल्या मंडळीला हा मार्ग नवा नाही. याच छत्तीसगडात चांपा येथे मेनोनाइट मिशनऱ्यांनी १९०२ साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडला, आणि त्याला नाव दिले बेथेस्दा. कुष्ठरोगावर गुणकारी औषध तेव्हा नव्हते. डॅप्सोन १९४० च्या दशकात आले आणि बहुऔषधी उपचार १९८२ मध्ये. मधली सारी वर्षे त्या लोकांनी काय केले? जखमा धुतल्या, भाकरी दिली, नावाने हाक मारली. रोग बरा होत नाही म्हणून त्यांनी दार लावून घेतले नाही. पुढे १९९० च्या दशकात मणिपुरात चुराचांदपूर येथे इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनच्या ‘शालोम’ प्रकल्पाने सुईने नशा करणाऱ्या तरुणांमध्ये सेवा आरंभिली. सिडनी येथे २००१ पासून युनायटिंग चर्च असे केंद्र चालविते, जेथे सुई घेणाऱ्याजवळ परिचारिका उभी असते, जेणेकरून तो एकटा मरू नये.

देशाचा कायदाही केवळ शिक्षाच सांगत नाही. अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या कायद्यात, स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला काही अटींवर खटल्यापासून संरक्षण आहे. एच.आय.व्ही.विषयीच्या २०१७ च्या कायद्याने हानी कमी करणाऱ्या उपायांना मान्यता दिली आहे. कायद्याने जेवढे दार उघडले, तेवढेही मंडळीने उघडू नये काय?

मग आपण काय करावे? व्यसनी माणसाचे नाव प्रार्थनासभेत चर्चेसाठी न घेता त्याच्या घरी जावे. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक मंदिराच्या फलकावर लावावा. दवाखान्यात त्याच्याबरोबर रांगेत बसावे. तो पुन्हा घसरला तर पुन्हा जावे. आईनेही मर्यादा पाळावी : हाती रोख पैसा देऊ नये, तो अंगावर धावून आला तर शेजाऱ्यांना बोलवावे आणि स्वतःस सांभाळावे. प्रीती आंधळी असावी असे प्रभूने कधी सांगितले नाही.

काही आठवड्यांनी मी त्या मातेच्या घरी गेलो आणि म्हणालो, “बाई, त्या दिवशी मी उत्तर दिले नाही, मला क्षमा करा. दार उघडणे हे पाप नाही. तुमचे घर त्याची पडवी आहे.” ती रडली. मुलगा आतल्या खोलीत होता. तो बाहेर आला नाही. पुढे एके दिवशी तो माझ्याबरोबर तपासणीस आला. त्याचे व्यसन अजून सुटलेले नाही. मध्ये दोनदा तो पुन्हा त्याच वाटेला गेला. पण तो जिवंत आहे, आणि कधीकधी उपासनेच्या वेळी शेवटच्या बाकावर येऊन बसतो. आपल्यापैकी कोण त्याच्या शेजारी जाऊन बसेल?

प्रार्थना : हे दयाळू प्रभो, आम्ही तळ्याकाठच्या लोकांना ओलांडून मंदिरात आलो, याची आम्हांला क्षमा कर. ज्यांना कोणी नाही, त्यांचे आम्हांला होऊ दे. तू येईपर्यंत त्यांना सांभाळण्याचे धैर्य दे. आमेन.