पालकत्वाची बेरीज होते का?

अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनातील ज्या पदांची नावे देशाबाहेर फारशी कोणाच्या कानी पडत नाहीत, पण ज्यांच्यावरून शेजाऱ्याशेजाऱ्यांत अबोला धरला जातो, त्यांपैकी एक म्हणजे स्थानिक स्कूल बोर्डाचे सदस्यत्व होय. स्कूल बोर्ड म्हणजे एका शालेय जिल्ह्यातील सार्वजनिक शाळांचा कारभार पाहणारे, बहुधा नागरिकांनीच निवडून दिलेले आणि सर्वसाधारणपणे पाच ते नऊ सदस्यांचे मंडळ. असे सुमारे १३,००० शालेय जिल्हे त्या देशात आहेत. मंडळ अंदाजपत्रक मंजूर करते, अधीक्षक नेमते आणि राज्याने आखून दिलेल्या मर्यादेत काय शिकवावे व कोणती पुस्तके वापरावीत हे ठरवते. पुष्कळ ठिकाणी हे काम बिनपगारी असते, आणि त्यासाठी उभे राहणाऱ्यांत शाळेतील मुलांच्या आईवडिलांचा भरणा मोठा असतो. आपली मुले याच शाळांत शिकतात, हे जो उमेदवार मतदारांपुढे आपले पहिले प्रमाणपत्र म्हणून ठेवतो तो नेमका कोणता दावा करत असतो, आणि त्या दाव्यातून दुसऱ्यांच्या मुलांवर चालेल असा अधिकार निष्पन्न होतो का, हा प्रश्न वरवर पाहता राज्यशास्त्राचा आहे. परंतु ईश्वर, सृष्टी आणि मनुष्याचे स्थान यांविषयी वर्गात काय बोलावे याचा निर्णय जेव्हा मंडळापुढे येतो, तेव्हा तो धर्मचिंतनाचा आणि नीतिशास्त्राचा होतो.

या शाळांचा उगमच धार्मिक आहे. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४७ मध्ये केलेल्या कायद्याने पन्नास कुटुंबांच्या गावाला शिक्षक नेमणे भाग पाडले, आणि माणसांना धर्मग्रंथाच्या ज्ञानापासून वंचित ठेवू पाहणाऱ्या सैतानाचा डाव उधळणे हे त्याचे कारण कायद्यातच नमूद केले. पुढे १८३७ मध्ये त्याच राज्याच्या शिक्षण मंडळाचे सचिव झालेल्या होरेस मान यांनी सर्व पंथांच्या मुलांना एकत्र शिकवणारी, करातून चालणारी समाईक शाळा उभी करताना पंथविशिष्ट शिकवण वगळली, पण भाष्याविना बायबलवाचन कायम ठेवले. प्रॉटेस्टंटांना जे सर्वांचे वाटले ते कॅथलिकांना परक्या पंथाचे वाटले, आणि १८४४ मध्ये फिलाडेल्फिया शहरात शाळेतील बायबलवाचनाच्या वादाची परिणती दंगलींत होऊन चर्चे जाळली गेली, माणसे मारली गेली. तटस्थ म्हणून ठेवलेली गोष्ट बहुसंख्यांना तटस्थ दिसते आणि अल्पसंख्यांना दिसत नाही, हा अनुभव त्या देशाने तेव्हाच घेतला होता.

या प्रश्नाची सर्वांत बोलकी घटना पेनसिल्व्हेनिया राज्यातील डोव्हर या छोट्या शालेय जिल्ह्यात घडली. तेथील नऊ सदस्यांच्या मंडळाने १८ ऑक्टोबर २००४ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी असा ठराव केला की, डार्विनच्या उत्क्रांतिवादातील उणिवांची आणि ‘इंटेलिजंट डिझाइन’ या पर्यायी मताची विद्यार्थ्यांना जाणीव करून द्यावी. इंटेलिजंट डिझाइन म्हणजे सजीवांतील गुंतागुंत नैसर्गिक प्रक्रियांनी उलगडत नाही, तिच्यामागे कोणा बुद्धिमान कर्त्याची योजना मानावी लागते, हे प्रतिपादन. कर्त्याचे नाव त्यात घेतले जात नाही, पण ऐकणाऱ्याला ते सुचते. नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात यासंबंधीचे निवेदन वाचून दाखवण्यास शिक्षकांनी नकार दिला, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये ते प्रशासकांनी वाचले. तत्पूर्वी, डिसेंबरमध्ये, अकरा पालकांनी मंडळाविरुद्ध फेडरल न्यायालयात दावा दाखल केला होता. अमेरिकेच्या संविधानाची पहिली दुरुस्ती शासनाला कोणत्याही धर्माची प्रतिष्ठापना करण्यास मनाई करते, आणि मंडळ हे शासनाचेच अंग असल्याने ही मनाई त्यालाही लागू होते, हा त्या दाव्याचा आधार होता.

दोन्ही बाजूंना पालक होते आणि दोन्ही बाजूंना श्रद्धाळू माणसे होती, ही गोष्ट या खटल्याच्या वर्णनांत बहुधा मागे पडते. दावा लावणाऱ्यांपैकी काही जण नियमित चर्चला जाणारे होते, आणि त्यांच्यातील एक पालक पुढे स्वतःच मंडळाच्या निवडणुकीत उतरला. धर्म विरुद्ध विज्ञान अशी सोपी मांडणी त्यामुळे येथे अपुरी पडते. खटल्याची सुनावणी ४ नोव्हेंबर २००५ रोजी संपली आणि चारच दिवसांनी झालेल्या निवडणुकीत पुन्हा उभे राहिलेले आठही जुने सदस्य पराभूत झाले. २० डिसेंबरला न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानांचा निकाल देऊन मंडळाचे धोरण संविधानविरोधी ठरवले. धर्मनिष्ठेचा अभिमान सांगणाऱ्या काही सदस्यांनी आपल्या हेतूविषयी साक्षीत जे असत्य सांगितले त्याबद्दल न्यायाधीशांनी कठोर शब्द वापरले. ज्या धर्मग्रंथाच्या कैवाराने हे सारे चालले होते त्याच्या दहा आज्ञांपैकी एक खोटी साक्ष देऊ नये अशी आहे, याचा विसर तो कैवार घेणाऱ्यांनाच पडावा, हे धर्माभ्यासकाला न्यायालयीन पराभवापेक्षा अधिक गंभीर वाटले पाहिजे. वादींच्या वकिलांच्या शुल्कापोटी जिल्ह्याला दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम द्यावी लागली, आणि ती अर्थातच त्याच मुलांच्या शाळांच्या तिजोरीतून गेली.

पराभव मतपेटीने आधीच केला असताना न्यायालयाच्या निकालाची आवश्यकता काय होती, असा प्रश्न येथे उद्भवतो, आणि त्याचे उत्तर शोधताना पालकत्वाच्या अधिकाराचे खरे स्वरूप दिसू लागते. आईबापांचा मुलावरील अधिकार नात्यातून येतो. तो कोणी दिलेला नसतो आणि मतदानाने मिळालेलाही नसतो. ऑरेगन राज्याने १९२२ मध्ये सर्व मुलांना सार्वजनिक शाळेतच पाठवण्याची सक्ती केली, तेव्हा १९२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द करून मूल ही राज्याची निर्मिती नव्हे, हे मान्य केले. परंतु नात्यातून येणारा अधिकार नात्याबाहेर जाऊ शकत नाही. हजार पालकांपैकी प्रत्येकाला आपापल्या मुलाच्या धर्मसंस्कारांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार असेल, तर हजारांनी एकत्र येऊन हात वर केल्याने एक हजार एकाव्या घरातील मुलाच्या संस्कारांवर त्यांचा तसूभरही अधिकार निर्माण होत नाही. हा अधिकार बेरजेने वाढणाऱ्या राशींपैकी नाही. पैसा एकत्र केला की मोठी रक्कम होते, मते एकत्र केली की बहुमत होते. पालकत्वे एकत्र केली तर ती सुटीसुटीच राहतात. म्हणून डोव्हरचे जुने मंडळ निवडणुकीत विजयी झाले असते तरी निकाल तोच लागायला हवा होता, आणि नवे मंडळ विजयी झाले म्हणून तो अनावश्यक ठरला नाही. शाळेत राष्ट्रध्वजाला सक्तीने वंदन करण्यास यहोवाज विटनेसेस या पंथाच्या मुलांनी दिलेला नकार १९४३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या शिक्षण मंडळाविरुद्ध मान्य झाला, तोही याच भूमिकेतून. मंडळाचा खरा अधिकार नागरिकत्वातून येतो. निवडून आलेला पालक खुर्चीवर बसतो तो नागरिकांचा विश्वस्त म्हणून, आणि आपल्या प्रत्येक मताला त्याला पालकत्वाखेरीज दुसरे कारण द्यावे लागते.

मग पालकाने पालकपण दाराबाहेर ठेवून यावे काय? महाभारताच्या वाचकाला येथे धृतराष्ट्र आठवेल, कारण पद आणि पितृत्व एकाच माणसात एकत्र आल्यावर काय होते याचे त्याच्याइतके सविस्तर चित्र दुसरीकडे नाही. न्याय काय हे त्याला कळत नव्हते असे नाही. विदुर ते त्याला पुनःपुन्हा सांगत होता आणि तो मान्यही करत होता. दोष ज्ञानाचा नव्हता, पुतण्यांच्या वाट्याला येताना ज्ञान लंगडे होत होते हा होता. प्लेटोने असा दोष मुळातूनच काढण्यासाठी आपल्या आदर्श राज्यातील रक्षकवर्गाची कुटुंबेच रद्द केली, म्हणजे कोणाला कोणते मूल आपले हे कळूच नये. ऍरिस्टॉटलने त्यावर घेतलेला आक्षेप असा की, जे सर्वांचे असते त्याची काळजी कोणीच पुरेशी घेत नाही, आणि ममत्व पातळ केले की ते सर्वत्र पसरत नाही, नाहीसे होते.

ऍरिस्टॉटलच्या बाजूने साक्ष न्यूयॉर्क राज्यातील ईस्ट रामापो या जिल्ह्याची निघते. तेथील मंडळात २००५ पासून अशा सदस्यांचे बहुमत आले, ज्यांच्या समाजाची, म्हणजे परंपरानिष्ठ ज्यू समाजाची, मुले प्रामुख्याने येशिवा या धार्मिक खासगी शाळांत जात होती, तर सार्वजनिक शाळांत मुख्यतः कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले शिकत होती. पुढे सार्वजनिक शाळांतील कर्मचारी आणि कार्यक्रम कमी झाले आणि वाद पेटला. २०२० मध्ये फेडरल न्यायालयाने तेथील निवडणूक पद्धती मतदान हक्क कायद्याचा भंग करते असा निर्णय दिला. त्या सदस्यांचाही एक युक्तिवाद होता, आणि तो फेटाळण्यापूर्वी ऐकला पाहिजे: मालमत्ता कर तेही भरत होते, आणि कर भरणाऱ्याला खर्चावर बोलण्याचा हक्क लोकशाहीत असतोच. तरीही ज्याचे मूल त्या वर्गात बसत नाही त्याला त्या वर्गाची गळकी बाजू सहज दिसत नाही, हे या प्रकरणात स्पष्ट होते. पालकत्व अधिकार देत नसले तरी दृष्टी देते. कोणत्या बसला रोज उशीर होतो, कोणत्या विषयाला शिक्षक नाही, कोणते मूल डब्यावाचून येते, ही माहिती घरातून येते, आणि ती मंडळाच्या टेबलावर आणण्याकरता पालकाइतका योग्य माणूस नाही.

या मांडणीवरचा सर्वांत बळकट आक्षेप श्रद्धावंतांकडून येतो. शाळेतून धर्म वगळल्याने शाळा तटस्थ होते हे गृहीतच त्यांना मान्य नाही. जगाचे वर्णन ईश्वराला वगळून दिवसाचे सहा तास करत राहणे हाही एक संस्कार आहे, असे त्यांचे म्हणणे. टेनेसी राज्यातील हॉकिन्स काउंटीच्या काही पालकांनी शाळेच्या वाचनमालेतून आपल्या मुलांना वगळण्याची मागणी केली. निरनिराळ्या श्रद्धा आणि जीवनपद्धती एकाच पातळीवर मांडणे हेच त्यांच्या श्रद्धेला बाधक होते. १९८७ मध्ये अपील न्यायालयाने ती मागणी अमान्य केली, पण त्यातील तात्त्विक अडचण त्यामुळे संपली असे म्हणता येत नाही. हीच अडचण उलट्या बाजूने कॅलिफोर्नियातील एन्सिनिटस येथे दिसली. तेथे शाळेत शिकवला जाणारा योग हा हिंदू धर्माचा प्रसार आहे अशी तक्रार काही ख्रिस्ती पालकांनी केली, आणि २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तेथील योगवर्ग धर्मनिरपेक्ष असल्याचा निर्वाळा दिला. संस्कृत नावे काढून, पद्मासनालाही बालगीतासारखे इंग्रजी नाव देऊन हा योग उरला होता. तेव्हा मराठी वाचकाने आनंद नेमका कशाचा मानावा, हा प्रश्न आहेच.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा आकार वेगळा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात; परंतु ही समिती एकेका शाळेची असते, आणि पाठ्यपुस्तकात काय असावे हे तिच्या हाती नसून राज्याच्या यंत्रणेकडे असते. दृष्टी पालकाला आणि अभ्यासक्रमाची सत्ता राज्याला, अशी ही वाटणी वरील विवेचनाशी बरीच जुळते, जरी ती त्या विचाराने झाली असे नाही; आणि समितीची बैठक पुष्कळदा केवळ सह्यांपुरती होते, ही तक्रारही खोटी नाही.

अलीकडे अमेरिकेतील कल मंडळ जिंकण्याऐवजी वगळण्याची मुभा मागण्याकडे झुकतो आहे. मेरिलंड राज्यातील माँटगोमेरी काउंटीच्या मंडळाने समलिंगी व पारलिंगी पात्रे असलेल्या कथापुस्तकांच्या तासाला मूल न बसवण्याची सवलत काढून घेतली, तेव्हा मुस्लिम आणि ख्रिस्ती पालक एकत्र न्यायालयात गेले, आणि जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी खटला चालू असेपर्यंत ती सवलत त्यांना देण्याचा कौल दिला. पालकत्वाची बेरीज होत नाही या तत्त्वाशी हा मार्ग सुसंगत आहे, कारण त्यात पालक आपल्याच मुलापुरते बोलतो. मात्र प्रत्येकाने आपापले मूल आपापल्या तासाला बाहेर काढले तर होरेस मान यांची समाईक शाळा वेळापत्रकापुरतीच समाईक राहते, आणि मंडळावर निवडून गेलेल्या पालकाला नेमके तेच सांभाळायचे असते.

मुलाचे स्वतःचे म्हणणे या साऱ्यात कोठे येते, हा प्रश्न न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९७२ मध्ये विचारला होता. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची आमिश पालकांची मागणी न्यायालयाने मान्य केली तेव्हा, मुलाला शिकायचे आहे की नाही हे त्याला विचारले पाहिजे, अशी अंशतः भिन्न नोंद त्यांनी केली. याच घटनेच्या पार्श्वभूमीवर तत्त्वचिंतक जोएल फाइनबर्ग यांनी १९८० मध्ये मुलाच्या मोकळ्या भविष्याच्या हक्काची कल्पना मांडली. मोठेपणी जे हक्क मूल स्वतः वापरेल ते आजच इतरांनी बंद करून टाकू नयेत, असा तिचा आशय आहे. माँटगोमेरी काउंटीच्या त्याच मंडळात विद्यार्थ्यांनी निवडून दिलेल्या एका विद्यार्थ्याची जागा आहे आणि त्याला बहुतेक विषयांवर मतही आहे. मात्र तो माध्यमिक शाळेतला, आणि वादातील कथापुस्तके बालवाडीपासून पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी होती. त्या वयाच्या मुलांच्या वतीने त्या टेबलाभोवती जे कोणी बोलते ते अजून मोठे माणूसच असते.