जलाशयाखालचे तीर्थ

‘तीर्थ’ हा शब्द ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे, पार होणे, ह्या संस्कृत धातूपासून आला असून, त्याचा मूळ अर्थ नदीचा उतार, म्हणजे पाय टेकवत पलीकडे जाता येईल अशी उथळ जागा, असा आहे. जिथे उतारच उरला नाही आणि देवालयावर खोल पाणी उभे राहिले, तिथे तीर्थ उरते काय, हा प्रश्न नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर केवळ तर्काचा राहिलेला नाही. अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली येथे नर्मदेच्या दक्षिण तीरावर शूलपाणेश्वराचे जुने स्थान होते. परिसरातील अरण्य त्याच्याच नावाने शूलपाणीची झाडी म्हणून ओळखले जाई. सरदार सरोवर धरणाचे पाणी चढत गेले तसे १९९०च्या दशकात ते मंदिर बुडाले आणि गुजरातमधील गोरा येथे नवे मंदिर उभे राहिले.

पाण्याने झाकले जाणे हे देवत्वाला बाधक नाही, असे परंपरा सांगते. देवगडजवळ कुणकेश्वराच्या किनाऱ्यावरील काही शिवलिंगे भरतीत बुडतात व ओहोटीत उघडी पडतात, तरी तेथील देव हरवला असे कोणी मानत नाही, कारण समुद्र जे झाकतो ते ठरल्या वेळी परत करतो आणि भाविक त्या वेळेची वाट पाहू शकतो. धरणाच्या पाण्याला अशी ओहोटी नाही, १३८.६८ मीटर ही त्याची पूर्ण पातळी माणसाने ठरवलेली आहे.

मग होडीने जाऊन, तारकर्लीला पर्यटक समुद्रतळ पाहतात त्याप्रमाणे तोंडात श्वास घेण्याची नळी धरून, पाण्याखालचा कळस पाहिला तर ते दर्शन ठरेल काय? नर्मदेच्या गाळाचा अडथळा क्षणभर बाजूला ठेवला तरी उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. दर्शन म्हणजे निव्वळ पाहणे नव्हे, तर देवाने भक्ताला आणि भक्ताने देवाला पाहणे होय. त्यासाठी गाभाऱ्यासमोर उभे राहता आले पाहिजे. उपनिषदांनी आत्म्याचे स्थान हृदयाची गुहा असे सांगितले आणि मंदिराचा अंधारा गाभारा त्याच गुहेची आठवण देतो. घारापुरीला होडीतून उतरणारा भाविकही शेवटी पायांनीच लेण्यात शिरतो.

मूर्ती हलवण्याचा विधी शास्त्रात आहे: देवतेची शक्ती मंत्रपूर्वक कलशात घेऊन नव्या जागी तिची पुन्हा प्रतिष्ठा करतात. म्हणून गोरा येथील मंदिर खोटे म्हणता येत नाही, तिथली पूजा खरीच आहे. परंतु कलशात देव येतो, घाट येत नाही, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे उतरलेल्यांची वाटही येत नाही. ज्यांच्या देवांना भिंतीच नव्हत्या, डोंगर, झाड, धान्य आणि पूर्वज ह्यांतच ज्यांची उपासना होती, त्या भिल्ल व पावरा समाजांपुढे हा प्रश्न अधिकच कठोर होऊन उभा राहिला, कारण त्यांच्या देवांना उचलून नेईल असा कलश कोणत्याही पुनर्वसन आराखड्यात नव्हता. महाराष्ट्रातील ३३ गावे ह्या बुडिताने बाधित झाली. जिथे देव हलवले गेले तिथेही तीर्थ हलले नाही, असाच निवाडा इथे द्यावा लागतो.

नर्मदेला उजव्या हाताला ठेवून चालणारे परिक्रमावासी आज ह्या भागात बहुधा शहादा, प्रकाशा, तळोदा ह्या रस्त्याने जातात, आणि त्या रस्त्यावरून नर्मदा दिसत नाही.