पटावरचे युद्ध

सुटीच्या दिवसांत एखाद्या घरात मुले मोठा पट मांडून बसलेली दिसतात. पटावर भूमध्य समुद्राचा नकाशा असतो. एक मुलगा कार्थेजचा सेनापती हॅनिबल होऊन आल्प्स पर्वत ओलांडतो, दुसरा रोमच्या बाजूने त्याला अडवतो. १९९६ साली अमेरिकेत निघालेला ‘हॅनिबल : रोम विरुद्ध कार्थेज’ हा असाच एक खेळ आहे. त्यात पत्ते टाकून लढाई होते आणि फासा टाकून सैन्याची हानी ठरते. हरलेला सोंगट्या उचलून बाजूला ठेवतो. आपला मुलगा यात तासन् तास रमलेला पाहून आई-वडिलांच्या मनात शंका येते: युद्धाचा असा खेळ मांडणे योग्य आहे काय?

वाचकहो, या प्रश्नाचा फिक्हशी संबंधित भाग आपल्या उलमांनी फार पूर्वीच हाताळला आहे. बुद्धिबळ हाही मुळात युद्धाचाच खेळ. भारतातील चतुरंग, म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ, इराणमार्गे अरबांकडे गेला आणि ‘शतरंज’ झाला. हनफी उलमांनी तो नापसंत ठरवला. इमाम शाफई (रह.) यांनी त्यास हराम न म्हणता मकरूह म्हटले, त्यांच्या अनुयायांनी अटी सांगितल्या की पैज नसावी, नमाज चुकू नये, जीभ घसरू नये. मराठवाड्यातील आपण बहुतांश हनफी आणि कोकणातील आपले बांधव शाफई, त्यामुळे दोन्ही मते मराठी मुसलमानांच्या घरांत नांदतात. फाशांच्या ‘नर्द’ या खेळाविषयी तर सहीह मुस्लिममध्ये कडक इशारा आहे. म्हणून ज्या खेळात फासा आहे, त्याविषयी आपल्या विश्वासातील आलिमांना अवश्य विचारावे. मात्र फतवा मिळाला म्हणजे प्रश्न संपला असे नाही. खेळ मनाचे काय करतो, हा प्रश्न उरतोच.

युद्धकौशल्याचा खेळ मुळातच निंद्य आहे, असे म्हणता येत नाही. ईदच्या दिवशी मस्जिदे नबवीत हबशी लोक भाल्यांचे खेळ करीत होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी स्वतः आडोसा करून हजरत आयशा (रजि.) यांना तो खेळ मनसोक्त पाहू दिला. अस्लम कबिल्याच्या तिरंदाजांनाही त्यांनी उत्तेजन दिले. परंतु याच प्रेषितांनी (स.) शिकवले की, शत्रूशी गाठ पडावी अशी कामना करू नका, अल्लाहकडे आफियत मागा, आणि गाठ पडलीच, तर धीराने उभे राहा. या दोन शिकवणी एकत्र ठेवून पाहा. हात तयार असावा, पण मनाला युद्धाची ओढ नसावी.

कोणी म्हणेल, लाकडी सोंगट्यांना रक्त येत नाही, उलट मुलांना इतिहास कळतो आणि विचारशक्ती वाढते. हे म्हणणे खोटे नाही. पूर्वीच्या लोकांचा शेवट काय झाला हे पृथ्वीवर फिरून पाहा, असा कुरआनचाही वारंवार आदेश आहे. पण पटावर नेमका हा शेवटच दिसत नाही. इसवी सनपूर्व २१६ मध्ये कॅनी येथे हॅनिबलने रोमन सैन्याला वेढले. इतिहासकार लिव्हीने त्या एका दिवसाचे रोमन मृत ४८ हजारांच्या आसपास सांगितले आहेत. पटावर ते मूठभर तुकड्यांत मावतात आणि मिनिटभरात उचलले जातात. त्यांची आई, त्यांची विधवा, त्यांचे ओस पडलेले शेत नकाशावर कोठेच नसते.

इसवी सनपूर्व १४६ मध्ये रोमनांनी कार्थेज जाळले. आजच्या ट्युनिस शहराजवळचे ते नगर उद्ध्वस्त झाले आणि वाचलेल्यांना गुलाम म्हणून विकले गेले. ते जळताना पाहून विजयी सेनापती सिपिओ रडला, कधी तरी रोमवरही हीच वेळ येईल असे त्याला वाटले. त्याच्यासोबत असलेल्या पॉलिबियस या इतिहासकाराने हे नोंदवले आहे. ज्याने प्रत्यक्ष युद्ध जिंकले तो रडला; पटावर त्याची भूमिका करणारा मात्र टाळ्या पिटतो.

पण हा दोष केवळ मुलांना का द्यावा? आपण सहकुटुंब दौलताबादला जातो. ‘अंधारी’ नावाच्या काळोख्या वाटेत शत्रूला कसे फसवून मारता येई, हे वाटाड्या रंगवून सांगतो आणि आपण हसतो. १६३३ साली मलिक अंबर यांचा मुलगा फतेह खान याच्या ताब्यातील हा किल्ला मोगलांच्या वेढ्यात अन्नाच्या टंचाईने टेकीस आला, त्या भुकेची आठवण कोणास होते? आजच्या युद्धांच्या बातम्याही आपण क्रिकेटच्या धावसंख्येसारख्या पाहतो, इकडचे किती आणि तिकडचे किती.

येथे सूरह रूमची आठवण येते. इराण्यांनी रोमनांचा पराभव केला तेव्हा मक्केतील अनेकेश्वरवादी आनंदले. कुरआनने सांगितले की, काही वर्षांतच रोमन पुन्हा विजयी होतील. यावर हजरत अबूबकर (रजि.) यांनी पैज लावली, असे तिर्मिजीच्या रिवायतीत आहे, आणि जुगार निषिद्ध होण्यापूर्वीची ही घटना असल्याचेही त्यात नमूद आहे. त्यांचे लक्ष रणांगणाच्या मौजेवर नव्हते, अल्लाहच्या वचनाच्या सत्यतेवर होते. दूरच्या युद्धाकडे श्रद्धावंताने कोणत्या नजरेने पाहावे, याचा हा धडा आहे. आणि सूरह मायदामध्ये (५:३२) एका निरपराध जिवाची हत्या साऱ्या मानवजातीच्या हत्येसमान ठरवली आहे. ज्याला हे उमगले, त्याच्यासाठी मृतांचा कोणताही आकडा नुसता आकडा राहत नाही.

म्हणून मुलावर ओरडून पट फेकून देऊ नका. त्याच्याजवळ बसा. पैज नाही ना, अजान झाल्यावर तो उठतो ना, हे पाहा. मग खेळ संपल्यावर त्याला विचारा, ‘बेटा, या लढाईनंतर त्या शहरातील लोकांचे काय झाले?’ तो शोधू लागला तर इतिहास शिकेल. त्याला वाईट वाटले तर त्याहून मोठी गोष्ट शिकेल. आणि हरलेल्या मित्राची थट्टा करण्यातच त्याला रस असेल, तर अडचण पटात नसून मनात आहे, आणि उपायही मनापासूनच सुरू करावा लागेल.

छत्रपती संभाजीनगरात, आपल्या या जुन्या औरंगाबादेत, याचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. गुलाम म्हणून विकला गेलेला एक हबशी दख्खनचा मातब्बर सेनापती झाला. १६१० मध्ये मलिक अंबर यांनी खडकी वसवली, १६२४ मध्ये भातवडीची लढाई जिंकली आणि १६२६ मध्ये ते वारले. खुलताबादेत त्यांची कबर आहे. भातवडी आज किती जणांना ठाऊक आहे? पण नहर-ए-अंबरीचे नाव शहर विसरलेले नाही, कारण तिने पिढ्यान् पिढ्या तहान भागवली. मुलाला भातवडीचा डाव अवश्य समजावून सांगा, पण त्याच दिवशी त्याला ती नहरही दाखवा.

अल्लाह आपल्या मुलांना शौर्याबरोबर दयाही देवो. आमीन.