पगाराची तारीख

आमच्या कंपनीत सहा माणसं होती. नाशिककडच्या द्राक्षबागांसाठी जमिनीतला ओलावा मोजणारं यंत्र आम्ही पुण्यात बनवत होतो. यंत्र चांगलं होतं, हे मी आजही म्हणेन. पण बागाईतदारांकडून पैसे हंगाम संपल्यावर येत, सुटे भाग रोखीने नाहीतर उधारीवर आधीच घ्यावे लागत, आणि गुंतवणूकदाराने तोंडी कबूल केलेला दुसरा हप्ता आलाच नाही. डिसेंबरात बँकेत चार महिन्यांपुरते पैसे उरले. हे मला आणि आमच्या सीएंना, दोघांनाच ठाऊक होतं.

रात्री तीनला जाग यायची आणि हात मोबाइलकडे जायचा. शिल्लक रात्रीत बदलत नाही हे कळत होतं, तरी बघायचो.

तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास मी पुढे वाचला आणि त्यात मला मीच दिसलो. सेंधिल मुल्लाइनाथन, एल्डार शफीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २०१३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केला. ५४ गावांतल्या ४६४ शेतकऱ्यांना बुद्धीच्या त्याच प्रकारच्या चाचण्या दोनदा दिल्या: एकदा तोडणीआधी, हात आखडता असताना, आणि एकदा उसाचे पैसे आल्यावर. तोडणीआधी तेच शेतकरी कमी पडले. माणूस बदलला नव्हता. त्याचं निम्मं डोकं पैशाच्या चिंतेने आधीच अडवलेलं होतं.

माझंही तसंच झालं. आगाऊ रक्कम मिळावी म्हणून मी एका मोठ्या व्यापाऱ्याला यंत्रं तोट्यात विकली. कागदावर हिशेब मांडला असता तर शाळकरी मुलालाही तो तोटा दिसला असता. माझी नजर मात्र येत्या १ तारखेच्या पगारापलीकडे जातच नव्हती.

या दिवसांत प्राणायाम करा, डायरी लिहा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. मी पर्वतीच्या पायऱ्या रोज चढलो. झोप थोडी सुधारली, एवढं श्रेय त्या पायऱ्यांना देतो. पण ऑफिसात हसरा चेहरा, घरी ‘चाललंय ठीक’ आणि आईला फोनवर ‘काळजी करू नकोस’, हे सांभाळण्यात जी ताकद जात होती ती कुठल्या व्यायामाने भरून निघणार होती? तंगी सोसता येते. ती लपवताना माणूस आतून संपत जातो.

एका रात्री मनात आलं, आपण नसलो तर विम्याचे पैसे येतील. या विचाराने मी इतका घाबरलो की बायकोला उठवलं आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला वाटत होतं, तुला काहीतरी मोठा आजार निघालाय.” सकाळी तिच्याच आग्रहावरून मी ‘टेली-मानस’ला फोन केला. २०२२ पासून चालू असलेल्या या सरकारी सेवेशी १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येतं. असा विचार ज्याच्या मनात एकदाही डोकावला असेल, त्याने सकाळचीही वाट पाहू नये.

दादासाहेब फाळक्यांनी विमा गहाण टाकला, सरस्वतीबाईंचे दागिने गेले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तीत सरस्वतीबाई दागिन्यांपुरत्याच येतात. खरं तर फिल्मला छिद्रं पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत त्या राबत होत्या. मला वाटतं, घरात काय उरलंय हे त्यांना रोज दिसत असणार. डोळ्यांदेखत काही पणाला लावणं आणि अंधारात ठेवून दुसऱ्याचं पणाला लावणं, यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे.

फेब्रुवारीत सहाही जणांसमोर मी शिल्लक, येणी, देणी असा सगळा तक्ता ठेवला. एकजण म्हणाला, मी दुसरी नोकरी बघतो. आमची एक सहकारी, जिच्या एकटीच्या पगारावर घर चाललेलं, ती रडली. आणि थोड्या वेळाने तीच येण्यांची यादी घेऊन बागाईतदारांना फोन लावत बसली. शिल्लक दोन पगारांएवढी उरेल त्या दिवशी थांबायचं, असं सर्वांनी मिळून ठरवलं. पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तोवर तो खात्यात दिसत राहतो आणि अडचणीत मोह होतो. तो पैसा आपला नाहीच. तो त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकू लागलो. घर गहाण टाकायचं नाही, हे मी बायकोला दिवसाउजेडी सांगून टाकलं, म्हणजे रात्री तीनचं डोकं ते फिरवू शकणार नाही.

एप्रिलमध्ये थांबलो. पगार आणि निधी चुकता झाला. राहिले तपकीर गल्लीतल्या सुट्या भागांच्या दुकानदाराचे पैसे. कितीतरी आठवडे मी ती गल्ली टाळत होतो, त्यांचे फोन घेत नव्हतो. शेवटी गेलो आणि किती देणं आहे, कसं देईन, ते सांगितलं. ते म्हणाले, “एवढंच ना? मग फोन का नाही उचललात?”

सहा हप्ते ठरले. पाच दिले आहेत. सहावा लक्ष्मीपूजनाआधी, त्यांची नवी वही उघडायच्या आत द्यायचा आहे.